मोगलीची वेळ आणि वंदनेची वेळ



या सदरात आजवर रेशनकार्ड, शिष्यवृत्तीचे अर्ज, जातपडताळणी, लग्नातला वायफळ खर्च असे विषय आले. आजचा विषय पाहून काहीजण म्हणतील, ताईंना झालंय तरी काय! कारण आज मी कार्टूनवर लिहिणार आहे. होय, दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणाऱ्या आणि पुढे बंद पडलेल्या कार्टूनवर. पण कृपया पान उलटू नका. हा विषय फिरून आपल्या विहाराच्या दारापाशी येतो.

चाळीस ते पन्नास वयाचा कुणीही समाजबांधव घ्या. तो रिक्षा चालवत असो, नगरपालिकेत झाडू मारत असो नाहीतर बँकेत साहेब असो, त्याच्यासमोर नुसतं ‘मोगली’ म्हणा. चेहरा लगेच बदलतो आणि माणूस ते गाणं गुणगुणायला लागतो. मागे एका मयतीहून परतताना सीवूड्स स्टेशनच्या पुलावर आम्ही पाचसहाजण उभे होतो. कुणाच्या तरी मोबाईलची तीच धून वाजली. दिवस दुःखाचा, पण पाचही जणांच्या ओठांवर एकच गाणं आलं. अशी गोष्ट हलकी म्हणून सोडून देता येत नाही.

आधी माहिती सांगते, म्हणजे आजच्या मुलांनाही कळेल. ‘जंगल बुक’ ही मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशन या कंपनीनं १९८९ साली तयार केली. बावन्न भागांची. दूरदर्शननं ती हिंदीत करून १९९३ साली रविवारी सकाळी दाखवली. हिंदी गाणं गुलजार यांनी लिहिलं, संगीत विशाल भारद्वाज यांचं आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. मूळ गोष्टी रुडयार्ड किपलिंगच्या. हा इंग्रज लेखक १८६५ साली मुंबईतच जन्मला, त्याचे वडील जे. जे. कला शाळेत शिकवत. गोष्टीतलं जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं, म्हणजे दीक्षाभूमीहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की वाटेत येणारं. जंगल नागपूरच्या वरच्या अंगाचं, लेखक साम्राज्याचे गोडवे गाणारा इंग्रज, चित्रं जपानची, भाषा हिंदी आणि बघणारे नेरूळ-तुर्भ्याचे आम्ही! किपलिंगचे विचार कसे होते हे खूप पुढे कळलं. तेव्हा आमच्यासाठी मोगली आमचाच होता. अंगावर शर्ट नाही, पायात चप्पल नाही आणि तरी कुणाला घाबरत नाही, असा हिरो आम्ही त्याआधी टीव्हीवर पाहिलाच नव्हता.

त्याच्या जोडीला डिस्नेची कार्टून आली. ‘डक टेल्स’मधला तो कंजूष बदक अंकल स्क्रूज आणि ‘टेल स्पिन’मधला विमान चालवणारा बल्लू. जंगलात फिरणारा बल्लू अचानक वैमानिक कसा झाला याचा आम्हा मुलांत मोठा वाद चालायचा. त्याहून गंमत शेरखानची. जंगलात तो वाघ होता, इथं तोच सूटबूट घालून मोठ्या कंपनीचा मालक झालेला. नोकरीला लागल्यावर ती कल्पना मला जास्त पटली. स्क्रूजबद्दल मात्र बी.कॉम. करताना एक शंका आली ती आजही फिटलेली नाही. एवढी नाणी तिजोरीत भरून हा त्यात नुसता पोहतो, बँकेत ठेवत नाही, धंद्यात लावत नाही, मग याची संपत्ती वाढते तरी कशी?

असो. खरी गोष्ट टीव्हीच्या आत काय दिसायचं ही नाही. टीव्हीच्या बाहेर कोण कुठं बसायचं, ही आहे.

आम्ही नेरूळला सिडकोच्या छोट्या घरांच्या रांगेत राहायचो. सीवूड्स हे नाव तेव्हा आमच्या तोंडी नव्हतं. पलीकडं दारावे, करावे ही आगरी-कोळ्यांची गावं आणि त्यापुढं खाडी, एवढंच माहीत. वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात हेल्पर. रांगेत सोळा घरं आणि टीव्ही तीन. त्यातले दोन काळे-पांढरे. एकाच्या काचेवर निळी-हिरवी प्लॅस्टिकची काच बसवली होती, म्हणजे आकाश निळं आणि जमीन हिरवी दिसायची, मग माणसाचं तोंड निळं दिसलं तरी चालेल! वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग एकजण पत्र्यावर चढून अँटेना फिरवणार, एकजण दारात उभा राहून ओरडणार, “आलं! आलं! गेलं...”

रविवारी नळाला पाणी आठला यायचं आणि साडेनऊच्या सुमाराला जायचं. कार्टूनची वेळ नेमकी त्यातच. माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो तोंड धुवून सटकायचा आणि मी हंडा-कळशी घेऊन नळावर. रांगेतल्या साऱ्या मुली नळावर आणि सारे मुलगे टीव्हीपुढं, असा तो हिशोब. म्हणून मोगलीच्या प्रत्येक भागाचा पूर्वार्ध मला भावाच्या तोंडून कळायचा आणि उत्तरार्ध डोळ्यांनी. भाऊ सांगायचाही तिखटमीठ लावून. त्यामुळं कित्येक भागांत मोगलीनं जे केलंच नव्हतं तेही मला आठवतं! माझी आई अक्षरशत्रू. पण एका रविवारी तिनं भावाला दारातूनच परत बोलावलं आणि कळशी त्याच्या हातात दिली. म्हणाली, “पाणी काय एकट्या पोरीच्याच घशाखाली उतरतं का?” तेव्हापासून एका रविवारी तो आणि एका रविवारी मी, अशी पाळी लागली. आमच्या रांगेत अशी पाळी लागणारं ते पहिलं घर.

पुढं युनिसेफनं दक्षिण आशियातल्या मुलींसाठी ‘मीना’ नावाची कार्टून मालिका केली. ती चितारली आपल्या राम मोहन यांनी, ज्यांना भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक मानतात. त्यात आंब्याच्या वाटणीची गोष्ट आहे. मीना आणि तिचा भाऊ राजू एक दिवस आपापली कामं बदलून घेतात आणि बहिणीला किती राबावं लागतं ते राजूला त्या दिवशी कळतं. ती बघितली तेव्हा मला आईची आठवण झाली. आईनं ना मीना बघितली होती, ना युनिसेफचं नाव ऐकलं होतं.

आता दुसरी बाजू. ज्यांच्या घरी आम्ही बघायला जायचो त्या काकू स्वभावानं वाईट नव्हत्या. चटई घालायच्या, हाकलून द्यायच्या नाहीत. पण चटईवर कुणी बसायचं आणि उंबऱ्याबाहेर कुणी, हे ठरलेलं होतं. ते कुणी कधी बोलून दाखवलं नाही. आम्हा बौद्धांच्या चारपाच मुलांना आपोआपच कळायचं की आपली जागा दाराशी. सणावाराच्या दिवसांत तर दार अर्धं लोटलेलं असायचं. मग फटीतून बघायचं. एका बाजूनं फटीला डोळा लावला तर बल्लू दिसायचा, बघीरा दिसायचा नाही. दुसऱ्या बाजूनं बघीरा दिसायचा आणि बल्लू गायब. आम्ही दोन्ही बाजूंना एकेकजण उभे राहायचो आणि एकमेकांना सांगायचो. आज सांगताना हसू येतं. पण ज्यांनी हे भोगलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

एकदा वडील रात्रपाळी करून येत होते. त्यांनी आम्हाला त्या फटीला डोळे लावून उभं पाहिलं. एक शब्द बोलले नाहीत, घरी जाऊन झोपले. १९९४ च्या दिवाळीला बोनस मिळाला तेव्हा आईला वाटलं होतं, आता भांड्यांचं कपाट येईल. आला चौदा इंची पोर्टेबल टीव्ही, उरलेल्या पैशांच्या हप्त्यावर. बाबासाहेब आणि तथागतांच्या तसबिरींखाली, शिवणयंत्राच्या टेबलावर तो ठेवला. वडिलांनी नियम एकच घातला. आपल्या घरी कुणी उंबऱ्यावर बसून बघायचं नाही. बघायचं असेल तर आत येऊन बसायचं. दहा बाय बाराच्या खोलीत रविवारी वीस-वीस पोरं मावायची. कशी मावायची कोण जाणे! काकूंचा टीव्ही दुरुस्तीला गेला तेव्हा त्यांची दोन्ही मुलंही आली. आईनं त्यांना पुढं बसवलं. काकू मुलांना बोलवायला आल्या की आई म्हणायची, “वहिनी, तुम्ही पण या की आत.” त्या आल्या नाहीत. मुलं मात्र येत राहिली.

आता विहाराकडं येते.

आमचं विहार त्या काळी पत्र्याची शेड होती. रविवारी सकाळी नऊला लहान मुलांचा धम्मसंस्कार वर्ग. त्रिशरण, पंचशील, बुद्धपूजा पाठ करून घ्यायची आणि मग एखादी गोष्ट. वर्ग घेणारे गुरुजी एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवून जुळवून बोटांची टोकं काळी झालेली. १९९३ च्या त्या महिन्यांत वर्गाला मुलंच येईनात. येणार कशी? वंदनेच्या वेळीच मोगलीची वेळ! कमिटीत खूप गरमागरमी झाली. एकानं तर सुचवलं की ज्यांची मुलं गैरहजर त्या पालकांना दंड करावा.

जुन्या मंडळींच्या रागालाही कारण होतं, ते समजून घेतलं पाहिजे. रविवार सकाळ म्हटलं की त्यांना आठवायची १९८७-८८ सालची. तेव्हा त्याच रविवारी सकाळी सरकारी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागायचं, टीव्हीला हार घालून लोक बघायचे. आणि त्याच काळात बाबासाहेबांचा ‘रिडल्स’ ग्रंथ महाराष्ट्र शासनानं छापला म्हणून त्यातला मजकूर वगळण्याची मागणी होत होती. त्याच्या उत्तरादाखल ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत आपल्या समाजाचा तो विराट मोर्चा निघाला. मी तेव्हा सात वर्षांची. मोर्चाहून आलेल्या वडिलांचे सुजलेले पाय तेवढे आठवतात. ज्या पिढीनं हे बघितलं, तिनं रविवारच्या टीव्हीकडं संशयानं पाहिलं तर तिचं काय चुकलं? पोरांचं मन कोण घडवणार, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खरा होता.

गुरुजी सगळ्यांचं ऐकून घेत. शेवटी म्हणाले, “वर्ग साडेदहाला घेऊ. पोरं कार्टून बघून येतील.” एकजण चिडून म्हणाले, “म्हणजे धम्मानं टीव्हीसाठी थांबायचं?” गुरुजी म्हणाले, “धम्म कुठं पळून चाललाय? पोरं मात्र पळून चालली आहेत.”

त्या रविवारी शेड भरली. गुरुजींनी वंदना घेतली आणि विचारलं, “आज काय झालं मोगलीत?” आम्ही सगळे एकदम ओरडायला लागलो. मग त्यांनी विचारलं, “लांडग्यांच्या टोळीत माणसाचं पोर घ्यायचं की नाही, यावर त्यांची सभा भरली होती ना? कोण बाजूनं बोललं?” किपलिंगच्या गोष्टीत तसा नियमच आहे. परक्या पिल्लाला टोळीत घ्यायचं तर आईबापांखेरीज दोघांनी त्याच्या बाजूनं बोलावं लागतं. भालू एक शब्द टाकतो आणि बघीरा एक बैल देऊन दुसरा. आम्ही ते सांगितलं. मग गुरुजींनी सुनीताची गोष्ट सांगितली. रस्ते झाडणारा सुनीत तथागत समोरून येताना पाहून भिंतीला चिकटून उभा राहतो आणि तथागत स्वतः त्याच्याजवळ जाऊन त्याला संघात बोलावतात. त्याच्या पुढच्या रविवारी उपाली न्हाव्याची. शाक्य राजकुमार म्हणतात, आमच्या आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावं लागेल. या दोन्ही गोष्टी बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आहेत. त्या आम्ही आधीही ऐकल्या होत्या. पण दाराच्या फटीतून मोगली बघून आलेल्या पोरांना त्या दिवशी त्या जशा कळल्या, तशा आधी कळल्या नव्हत्या. ‘आत कोण घेतो आणि बाहेर कोण ठेवतो’ हे आम्ही नुकतंच बघून आलो होतो की!

हे कार्टूनचं प्रकरण संपलं कसं, त्यात फार सांगण्यासारखं नाही. १९९२ च्या ऑक्टोबरात झी टीव्ही आला, गल्लोगल्ली केबलच्या तारा लोंबकळू लागल्या. १ मे १९९५ ला कार्टून नेटवर्क सुरू झालं. दिवसभर कार्टून मिळायला लागल्यावर रविवारच्या एका तासाची वाट कोण बघणार? पुढं मुलांची एकेक वाहिनी वाढत गेली आणि दूरदर्शनवरची रविवार सकाळ हळूहळू विझली. कुणी जाहीर केलं नाही, कुणी निरोप दिला नाही. फरक एवढाच पडला की केबलवाल्याला दरमहा पैसे देणाऱ्याची पोरं एक बघू लागली आणि न देणाऱ्याची दुसरं. सोमवारी शाळेत सगळ्यांनी मिळून बोलायची एक गोष्ट होती, ती गेली.

हे आपल्याकडंच झालं असं नाही. अमेरिकेत शनिवारी सकाळी कार्टून दाखवायची कित्येक वर्षांची रीत होती. तिथल्या मोठ्या वाहिन्यांवरचा तसा शेवटचा कार्यक्रम २७ सप्टेंबर २०१४ रोजी संपला. हंगेरीत तर वेगळीच कथा. १२ डिसेंबर १९९३ च्या रविवारी तिथली मुलं हेच ‘डक टेल्स’ बघत होती. मध्येच कार्टून थांबलं आणि पंतप्रधान योझेफ अंताल यांच्या निधनाची बातमी आली. त्या मुलांच्या पिढीला तिथं आजही ‘डक टेल्स पिढी’ म्हणतात. हंगेरी म्हटल्यावर आपल्या काही वाचकांचे कान टवकारले असतील. होय, तोच देश. तिथल्या रोमा, म्हणजे जिप्सी म्हणून हिणवल्या गेलेल्या समाजातल्या काही मंडळींनी बाबासाहेबांचा मार्ग धरला आणि साजोकाझा या गावी २००७ साली डॉ. आंबेडकरांच्या नावानं शाळा काढली. तिथं ‘जयभीम’ म्हणतात. त्यांच्या शाळेतही कुणी बाई कार्टून बघून आलेल्या पोरांना गोष्ट सांगत असतील का, असा विचार माझ्या मनात येतो.

आता जी गोष्ट सांगते, ती मला स्वतःला चाळिशी ओलांडल्यावर कळली. १९५६ साली, ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला आपल्याला धम्म दिला, त्याच वर्षी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजननं मुंबईत कार्टून विभाग सुरू केला. शिकवायला डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स आले. त्या विभागानं १९५७ साली जे चित्र काढलं त्याचं नाव ‘द बनियन डीअर’. ही गोष्ट कुठली? जातकातली! निग्रोधमिग जातक. आणि चित्रांची धाटणी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची. म्हणजे या देशात सरकारनं कार्टूनचा श्रीगणेशा केला (हा शब्द आपल्या पानावर कसा आला विचारू नका, जिभेला सवय आहे!) तो तथागतांच्या परंपरेतल्या गोष्टीनं. त्याच १९५७ साली बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मूळ इंग्रजीतून प्रसिद्ध झाला. आणि आपल्या कुठल्याही विहारात ते चित्र मी कधी दाखवलेलं पाहिलं नाही.

आमच्या वयाच्या सगळ्यांना ‘एक अनेक और एकता’ आठवत असेल. १९७४ सालचं ते चित्र, दिग्दर्शन विजया मुळे यांचं आणि अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. त्यातली पारध्याच्या जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पक्ष्यांची गोष्टही जातकात आहे, सम्मोदमान जातकात. तिथं ते लावा पक्षी आहेत. पण जातकातली गोष्ट टीव्हीवरच्यासारखी गोड संपत नाही. पुढं एका पक्ष्याचा पाय दुसऱ्याच्या डोक्याला लागतो, भांडण होतं, ‘तू उचल, मी का उचलू’ सुरू होतं आणि पारधी सगळ्यांना टोपलीत भरून नेतो. आपल्या पक्षाच्या गटांनी आणि त्यांच्या उपगटांनी ही गोष्ट कुठल्या बैठकीत वाचावी, ते त्यांनीच ठरवावं.

इथं काही अभ्यासू वाचक हरकत घेतील, आणि आमच्या विहारात ती घेतलीही गेली. जातक म्हणजे पूर्वजन्माच्या कथा, बाबासाहेबांनी आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला, मग या गोष्टी कशाला? मुद्दा बरोबर आहे. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात पुनर्जन्माचा अर्थ भूतद्रव्यांच्या अंगानं लावला, कुणा आत्म्याच्या प्रवासाच्या अंगानं नाही. म्हणून मुलांना सांगताना ‘मागच्या जन्मी बुद्ध हरिण होते’ असं सांगू नये. ‘लोकांनी रचलेली, करुणा शिकवणारी जुनी गोष्ट’ म्हणून सांगावी. मोगली खरा होता असं आम्हाला तरी कुठं वाटलं होतं? दुर्गा भागवतांनी ‘सिद्धार्थ जातक’ म्हणून या साऱ्या कथा सात खंडांत मराठीत आणल्या आहेत. विहाराच्या कपाटात ठेवायला हरकत नसावी.

आणि आपण गोष्टी दिल्या नाहीत तर दुसरा कुणी देतोच. २००८ साली पोगो वाहिनीवर ‘छोटा भीम’ आला. आमच्या वर्गातल्या एका पाच वर्षांच्या मुलानं मला विचारलं होतं, “ताई, छोटा भीम म्हणजे बाबासाहेब लहानपणी का?” त्या लेकराचं तर्कशास्त्र अगदी बिनचूक होतं. घरात दिवसरात्र ‘जयभीम’ ऐकतो, टीव्हीवर भीम दिसतो! मी त्याला खऱ्या छोट्या भीमाची गोष्ट सांगितली. साताऱ्याहून वडिलांना भेटायला नवे कपडे घालून निघालेला भिवा, मसूर स्टेशनवर जात कळताच मागं सरकलेला स्टेशनमास्तर, दुप्पट पैसे घेऊनही गाडी न हाकणारा गाडीवान आणि रात्रभर डबा उघडाही पोटात जाईना, कारण प्यायला पाणी नाही. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. ‘भीमायन’ हे २०११ सालचं चित्रपुस्तक आहे, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी काढलेलं, त्यात ही गोष्ट चित्रांतून आली आहे. त्या मुलानं विचारलं, “मग पाणी कधी मिळालं?” पाच वर्षांच्या मुलाला लाडू खाणाऱ्या भीमापेक्षा या भिवाची काळजी जास्त वाटली.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी होती तेव्हा दूरदर्शननं ‘जंगल बुक’ पुन्हा दाखवलं. त्याच महिन्यात १४ एप्रिलची जयंती आपण घरातच, दारात दिवे लावून साजरी केली. मी लेकाला शेजारी बसवून मोगली दाखवला. दहा मिनिटांत म्हणाला, “आई, फारच स्लो आहे गं.” त्याचंही खरं. आम्हाला ते संथ वाटलं नाही, कारण आम्ही सहा दिवस वाट बघून आलेलो असायचो.

आता सध्याचा मामला. आमच्या सीवूड्सच्या भागातलं विहार आता पक्कं आहे, फरशी आहे, पंखे आहेत. स्टेशनवरच मॉल उभा आहे, त्यात सिनेमागृह आहे आणि प्रत्येक घरात माणशी एक मोबाईल. रविवारच्या मुलांच्या वर्गाला मात्र गेल्या वर्षभरात कधी चार मुलं, कधी सहा. बांधकामाचं देणं अजून फिटलेलं नाही. तेव्हा कमिटीपुढं प्रस्ताव आला की रविवारी सकाळी हॉल एका खाजगी शिकवणीवाल्याला भाड्यानं द्यावा आणि मुलांचा वर्ग ‘तूर्त स्थगित’ ठेवावा. आपल्या संस्थांत ‘तूर्त’चा अर्थ काय होतो, ते मी सांगायला नको.

सेक्रेटरी काका भला माणूस. माथाडीत आयुष्य काढलं, विहाराच्या प्रत्येक विटेला त्यांचा हात लागलाय. मला म्हणाले, “ताई, पोरंच येत नाहीत तर मी कुणासाठी दार उघडू? सगळी त्या मोबाईलात.”

मी म्हटलं, “काका, पोरांना कुणी विचारलं का, कधी येता येईल म्हणून?”

“पोरांना काय विचारायचं असतं?”

“आमच्या गुरुजींनी विचारलं होतं.”

त्यांनी गुरुजींना पाहिलेलं होतं. जरा वेळ थांबून म्हणाले, “बरं, विचारा.”

मग मी आणि महिला मंडळाच्या दोघी घरोघर फिरलो. सव्वीस मुलं भेटली. सकाळी कुणाची शिकवणी, कुणाचं क्रिकेट आणि बऱ्याच जणांची तर आठवड्यातली एकुलती एक झोप. तिघी मुलींनी सांगितलं, रविवारी सकाळी आई कामावर जाते, धाकट्यांना सांभाळावं लागतं. तीस वर्षांपूर्वीचा नळ आठवला मला. संध्याकाळी पाच ही वेळ मात्र सव्वीसपैकी एकोणिसांना चालणार होती, आणि धाकट्यांना घेऊन आलं तरी चालेल म्हटल्यावर त्या तिघींनाही. पाचला महिला मंडळाची बैठक असायची, ती मंडळानं सहाला सरकवली. सकाळचा हॉल शिकवणीवाल्याला द्यायला आता माझी हरकत नाही. अट एकच घातली आहे की आपल्या वस्तीतल्या दहा मुलांना त्यानं फुकट शिकवावं. तो सातवर आलाय. बोलणं चालू आहे.

पहिल्या रविवारी आम्ही भिंतीवर पांढरी चादर लावून, एका भावाच्या ऑफिसातला प्रोजेक्टर मागून आणून ‘द बनियन डीअर’ दाखवलं. मोबाईलवर शोधलं तर ते सापडतं. राजाच्या शिकारीसाठी रोज एक हरिण पाळीनं पाठवायचं ठरतं. गाभण हरिणीची पाळी येते. तिच्या कळपाचा नायक म्हणतो, नियम म्हणजे नियम. दुसऱ्या कळपाचा नायक तिच्या जागी स्वतः जाऊन मान ठेवतो. जुनं चित्र, आवाज खरखरीत. मुलं चुळबुळतील अशी मला धास्ती होती. पण संपल्यावर एक मुलगी, आठवीतली, कडेवर धाकटा भाऊ घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “पण ताई, पाळी मुळात लावलीच कुणी? त्या हरिणीला कुणी विचारलं होतं का?”

त्यावर पाऊण तास वाद झाला. सेक्रेटरी काका दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना आत बोलावून बसवलं.

पुढच्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, सम्मोदमान जातक आणि मग ‘एक अनेक और एकता’, म्हणजे दोन्ही शेवट मुलांना बघता येतील. पालकांनीही यावं. चटया कमी पडतात, तेव्हा ज्यांच्या घरी जादा सतरंजी असेल त्यांनी सोबत आणावी.